क्रूझचं तिकीट आणि क्रूझचा खर्च

प्रवासाचा हिशेब : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण विमानाच्या तिकिटाचा हिशेब पाहिला. आज जहाजाचा पाहू. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागलं आणि क्रूझ मराठी घरांतल्या सुट्टीच्या गप्पांत आली. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची सत्तरी, शाळेतल्या वर्गमित्रांचं एकत्र जमणं असे बेत आता जहाजावर ठरतात. सिंगापूरहून सुटणारी तीन-चार रात्रींची क्रूझ टूर कंपन्यांच्या सहलींतही असते. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील अलास्काला जाऊन येतात. या तिन्ही प्रवासांत एक तक्रार सारखी ऐकू येते : जाहिरातीत वाचलेला आकडा आणि प्रत्यक्ष खर्च झालेला आकडा यांचा मेळ बसत नाही.

तिकीट स्वस्त का असतं?

जहाज ठरल्या दिवशी सुटणारच. इंधन, खलाशी, स्वयंपाकघर, बंदराचं भाडं हा सगळा खर्च केबिन भरली काय नि रिकामी राहिली काय, बराचसा तसाच असतो. शिडी वर ओढली गेली की रिकाम्या केबिनचं मोल शून्य. तीच केबिन कमी दरात भरली, तर तिच्यातला प्रवासी पुढचे काही दिवस जहाजावरच खाणार, पिणार, खरेदी करणार. म्हणून कंपन्या तिकिटात सवलत देतात आणि जहाजावर कमावतात. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोन मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत तिकिटांचं उत्पन्न आणि जहाजावरचं उत्पन्न वेगवेगळं दाखवतात. एकूण उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश वाटा तिकिटाव्यतिरिक्तच्या खर्चाचा असतो.

यात फसवणूक नाही, धंद्याची ही उघड रीत आहे. पण ती माहीत नसेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. क्रूझवर पैसे वाचवायचे तर ते घरी बसून, जहाजात पाऊल टाकण्याआधी वाचवावे लागतात. आत गेल्यावर सगळी रचना खर्चाला अनुकूल असते.

कोटेशन कसं वाचायचं?

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. तीन रात्रींच्या क्रूझची जाहिरात माणशी १८,००० रुपयांची आहे. दोघांचे झाले ३६,०००. त्यावर पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची ठरावीक टिप, समजा माणशी ५,००० रुपये. म्हणजे आणखी १०,०००. जीएसटी समजा २,३००. बेरीज ४८,३०० झाली आणि अजून तुम्ही घरातच आहात. बंदरापर्यंत जायची-यायची टॅक्सी ४,०००, गोव्यातली दोघांची सहल ५,०००, जहाजावर इंटरनेट, एखादं वेगळं जेवण, दोन-चार पेयं मिळून ६,०००. एकूण ६३,३००. याला दोन माणसं आणि तीन रात्रींनी भागा. माणशी दर रात्रीचा खर्च येतो १०,५५० रुपये. जाहिरातीतला आकडा भागला असता, तर ६,००० आला असता.

आता दुसऱ्या एजंटाने माणशी २३,००० सांगितले आणि त्यात पोर्ट चार्जेस नि ग्रॅच्युइटी धरली असेल, तर जीएसटी मिळवून दोघांचे पुन्हा ४८,३००च होतात. पहिला दर स्वस्त वाटतो तो फक्त कागदाच्या मांडणीमुळे. म्हणून फोनवरच्या दरावर विसंबू नका. लेखी कोटेशन मागा आणि त्यात काय धरलं आहे, काय नाही हे ओळीओळीने लिहून घ्या. रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे कापले जातील, ही ओळही त्यात हवी. तुलना करायची ती माणशी दर रात्रीच्या पूर्ण खर्चाची.

कधी जायचं?

दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी आणि लाँग वीकेंड या दिवसांत भाव चढेच राहणार. शाळेचं बंधन नसलेल्यांनी सोमवार ते बुधवारच्या फेऱ्या आधी पाहाव्यात. शुक्रवारी सुटणाऱ्या फेरीपेक्षा त्या सहसा स्वस्त असतात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो. पूर्वी मुंबई-गोवा कोकण बोटीसुद्धा या दिवसांत बंद असत. क्रूझचंही तसंच आहे. जून २०२३ मध्ये कॉर्डेलियाने त्या काळासाठी चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू केल्या.

अलास्काचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर असतो. त्यातले जून, जुलै, ऑगस्ट महाग. मेचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर तुलनेने स्वस्त, मात्र थंडी जास्त. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मानतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथले दर उतरतात. त्या दिवसांत जहाज ऐनवेळी मार्ग बदलू शकतं. एखादं बंदर गाळलं गेलं, तर साधारणपणे त्या बंदराचं शुल्क परत मिळतं, तिकिटाचे पैसे नाहीत. ठरावीक बेटच पाहायचं असेल, तर या काळात जाऊ नये. नुसतं समुद्रावर राहायचं असेल, तर खुशाल जावं.

परदेशी कंपन्यांकडे अंतिम रक्कम भरायची मुदत प्रवासाच्या बरीच आधी, अनेकदा अडीच-तीन महिने आधी असते. आगाऊ रक्कम भरल्यानंतर त्या मुदतीपूर्वी दर उतरला, तर पुष्कळ कंपन्या नवा दर लावून देतात. पण आपण विचारलं तरच. बुकिंग झालं म्हणून दर पाहणं सोडू नका.

केबिन कोणती घ्यायची?

खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त. त्यावर समुद्र दिसणारी, मग बाल्कनीची, मग स्वीट. जेवण, कार्यक्रम, पोहण्याचा तलाव या गोष्टी बहुतेक जहाजांवर सगळ्यांना सारख्याच. दोन-तीन रात्रींच्या क्रूझमध्ये माणूस केबिनमध्ये झोपायला आणि कपडे बदलायलाच जातो. तिथे आतली केबिन घेऊन वाचलेल्या पैशांत आणखी एक रात्र वाढवता येते. अलास्कात मात्र हिमनद्या आणि डोंगर तासन्‌तास शेजारून सरकत असतात. गारठ्यात डेकवर उभं राहणं झेपत नसेल, तर बाल्कनीचे पैसे वसूल होतात.

बोट लागण्याचा त्रास असेल, तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन मागा. तिथे हेलकावे कमी जाणवतात आणि वरच्या मजल्यांपेक्षा दरही बहुधा कमी असतो. काही कंपन्या केबिनचा प्रकार सांगतात, पण क्रमांक नंतर देतात. असं तिकीट स्वस्त असतं. पण दोन कुटुंबांना शेजारी-शेजारी राहायचं असेल, तर ते घेऊ नये.

दर दोघांच्या केबिनचा धरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं तिकीट खूप कमी, पण पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी त्यालाही लागते. एकट्याने जाणाऱ्याला मात्र जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. अशांनी बहीण, मैत्रीण, मित्र कोणी तरी जोडीला घेणं, हीच मोठी बचत.

परदेशातून क्रूझ घेताना

सिंगापूरच्या क्रूझला विमानाचं तिकीट, व्हिसा आणि हॉटेल जोडूनच हिशेब करा. सिंगापूर व्हिसाचं सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे. त्यावर एजंट किती घेतो ते विचारा. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणून व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे ना, ते तपासा. मरीना बे क्रूझ सेंटरजवळच मरीना साउथ पिअर हे मेट्रोचं स्थानक आहे. सामान आटोपशीर असेल, तर टॅक्सीची गरज पडत नाही.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. सिएटलहून सुटणारी अलास्का क्रूझ वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबते. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना तसं करावं लागतं. त्यामुळे पर्यटक व्हिसावर गेलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल, तर जहाजावर घेत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. मुलांकडे पासपोर्ट अमेरिकेचा असतो, त्यांच्या हे लक्षात येत नाही. तिकिटाआधी व्हिसा पाहा.

इथल्या टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं, की ती टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ कर, गोळा करते. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळती करता येते किंवा परत मिळवता येते. निवृत्त आईवडील विवरणपत्र भरत नसतील, तर त्या वर्षी त्यांचं अवश्य भरा.

जहाजावर

चढताना तुमचं क्रेडिट कार्ड किंवा रोख अनामत घेऊन प्रत्येकाला एक केबिन कार्ड देतात. खोलीचं दार उघडायचं तेही त्याच कार्डाने आणि पैसे द्यायचे तेही त्याच कार्डाने. हातात नोट नसल्यामुळे खर्च जाणवत नाही. मुलांच्या कार्डांवरची खरेदी पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर सांगून बंद करून घ्या. नाही तर शेवटी बिलात व्हिडिओ गेमच्या ओळीमागून ओळी निघतात.

किनारा दूर गेला, की मोबाइल जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो. नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं आणि त्याचा दर भयंकर असतो. जहाज सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका, सगळ्यांचा. इंटरनेट हवंच असेल, तर घरात एकाच फोनवर घ्या.

मद्याचं पॅकेज घेण्याआधी मोजा. अनेक कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी ते घ्यावं, अशी अट घालतात आणि वर सेवाशुल्क लावतात. दिवसाला दोन ग्लास घेणाऱ्याने सुटे पैसे दिलेले बरे. चहा, कॉफी, पिण्याचं पाणी बुफेत बहुधा मोफत असतं. बाटलीबंद पाण्याचे पैसे पडतात. फोटोग्राफर फोटो काढतात, पण घेतलात तरच पैसे. अ‍ॅव्होमिन, डोकेदुखीची, पोटाची औषधं घरून न्या. जहाजावरच्या डॉक्टरांची तपासणी महाग असते. इस्त्री आणि विजेची किटली मात्र नेऊ नका, तपासणीत काढून ठेवतात.

अमेरिकी कंपन्यांची ग्रॅच्युइटी माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर पडते. १८ डॉलर धरले, तर सात रात्रींचे दोघांचे २५२ डॉलर. हे आधीच धरून ठेवा. ती रद्द करून घेण्याची युक्ती काही जण सांगतात. तसं करू नये. आपली खोली आवरणारा, ताट वाढणारा माणूस महिनोन्‌महिने घरापासून लांब असतो आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग यातूनच येतो.

बिल शेवटच्या सकाळी पाहू नका. आदल्या दिवशी दुपारीच रिसेप्शनवर जाऊन छापील प्रत घ्या आणि तारीख, वेळ, ठिकाण पाहत एकेक ओळ तपासा. चुकीची नोंद तेव्हा लगेच दुरुस्त होते. उतरायच्या दिवशी तिथे लांबलचक रांग असते.

बंदरावर

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः फिरावं, हे बंदर पाहून ठरवा. पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या अगदी काठाला लागतं. २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं ते शहर पायी पाहता येतं, सहल विकत घ्यायची गरज नाही. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर चाळीसहून अधिक किलोमीटर आहे. तिथे वाहतुकीत अडकलात तर जहाज थांबत नाही. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली, तर मात्र थांबतं. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. वास्कोच्या बसस्थानकावरून पणजीला कदंबची बस मिळते; टॅक्सी करायची तर भाडं आधी ठरवा. वेळ कमी असेल, तर जवळचा बोगमाळोचा किनारा पुरे. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि लहान बोटींतून उतरावं लागतं, म्हणून तिथे जहाजाची व्यवस्थाच घ्यावी.

जिथे काटकसर नको

दोन ठिकाणी हात आखडू नका. परदेशी क्रूझला समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च भरून देणारा प्रवास विमा घ्या. आणि विमानाने जाऊन जहाज पकडायचं असेल, तर आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवायला जाऊन विमान उशिरा आलं, तर सगळी क्रूझच बुडते.

कोटेशन हातात आलं, की आगाऊ रक्कम भरण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. तिकीट, कर आणि टिप, जाण्यायेण्याचा खर्च, जहाजावरचा खर्च असे चार आकडे मांडा आणि माणशी दर रात्रीचा भाव काढा. तो भाव पटला, तर निश्चिंत मनाने जा. नाही पटला, तर तारीख बदला किंवा केबिन बदला. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर क्रूझ करू नका.

(पुढील लेखांकात : प्रवास विमा)