बटण बोलले, तरच दार उघडते

घाटकोपर स्थानकाच्या पुलावर पांढरी काठी टेकत जाणाऱ्या एखाद्या प्रवाशाच्या कानात इअरफोन दिसतो. तो गाणीच ऐकत असेल असे नाही. अनेकदा फोन त्याला पडदा वाचून दाखवत असतो.

अँड्रॉइडमधील ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमधील ‘व्हॉइसओव्हर’ या सुविधा २००९पासून आहेत. बोट ठेवले की त्याखालचा मजकूर ऐकू येतो, दोनदा टॅप केले की बटण दाबले जाते. मात्र अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर ते पैसे पाठवण्याचे की रद्द करण्याचे, हे कळत नाही.

त्याहून मोठी अडचण ई-केवायसीची. ‘डोळे मिचकावा’, ‘चेहरा चौकटीत आणा’ या सूचना अनेकांना पाळताच येत नाहीत. दृष्टिहीन वकील अमर जैन आणि अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा कलम २१नुसार जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पर्यायी पडताळणीसह २० निर्देश दिले.

चांगले उदाहरणही आहे. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ अ‍ॅप २०२०पासून इंटरनेटशिवाय नोट ओळखून तिची किंमत बोलून सांगते.

घरात कुणाची नजर अधू झाली असेल, तर सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त टॉकबॅक सापडेल. आवाजासाठी मराठीही निवडता येते. नवी सवय लागायला काही दिवस जातात. तोवर फोन हातातून काढून घेऊ नका, शेजारी बसा.