ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं इंटरनेट शाळेच्या वर्गात कसं आणायचं?



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक छोटी पेटी बसवलेली आहे. रस्त्याच्या कडेनं काळी केबलही गेलेली दिसते. कागदावर गाव 'जोडलेलं' आहे. तरी शाळेत मात्र दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ उघडायला बाई स्वतःचा मोबाईल खिडकीत धरून उभ्या असतात. असं का होतं? आणि त्यावर आपण काय करू शकतो? आजच्या लेखात हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

१) 'हायस्पीड' म्हणजे नक्की किती?

सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणायला पूर्वी ५१२ केबीपीएस वेग पुरायचा. जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. पण २ एमबीपीएसमध्ये वर्ग चालतो का? एक गणित करून पाहू.

फाईलचा आकार आपण एमबीमध्ये मोजतो, म्हणजे मेगाबाइटमध्ये. वेग मात्र मेगाबिटमध्ये सांगितला जातो, आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. समजा, पाठाचा व्हिडिओ ४०० एमबीचा आहे.

४०० × ८ = ३२०० मेगाबिट

२ एमबीपीएस वेगानं : ३२०० ÷ २ = १६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटं.
५० एमबीपीएस वेगानं : ३२०० ÷ ५० = ६४ सेकंद.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत २७ मिनिटं वाट बघण्यात गेली, तर शिकवायचं कधी? बरं, हा वेग एकाच यंत्रासाठी धरलाय. दहा टॅब एकदम चालू केले तर तो वाटला जातो. म्हणून 'नेट आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. किती वेगाचं आहे आणि किती जणांत वाटलं जातं, हे विचारा.

२) टॉवर असूनही रेंज का नसते?

मोबाईलचं नेट टॉवरकडून रेडिओ लहरींनी येतं. मध्ये डोंगर आला, गाव खोलगट भागात असलं, की लहरी अडतात. सातपुड्यात, सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांवर हे रोजचंच आहे. शिवाय एका टॉवरची क्षमता ठरलेली असते. संध्याकाळी सगळं गाव मोबाईल घेऊन बसलं की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेग येतो. एकाच नळावर सगळ्या गल्लीनं हंडे लावावेत, तसं!

फायबर केबलचं तसं नाही. तिच्यात केसासारखी बारीक काचेची तार असते आणि तिच्यातून माहिती प्रकाशाच्या रूपात जाते. डोंगर, पाऊस, धुकं यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. म्हणून शाळेसाठी शक्य असेल तिथं फायबरच मागायला हवी.

३) मग खाजगी कंपन्या गावात फायबर का टाकत नाहीत?

साधा हिशोब आहे. शहरात एक इमारत जोडली की पन्नास ग्राहक मिळतात. गावात चार किलोमीटर खोदकाम केलं तरी दहा मिळतील की नाही, शंकाच. म्हणून इथं सरकारलाच उतरावं लागतं.

यासाठी केंद्र सरकारनं २०११ मध्ये एक योजना मंजूर केली. तिचंच नाव पुढे 'भारतनेट' झालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायचं, आणि प्रत्येकीला किमान १०० एमबीपीएस द्यायचं, असं उद्दिष्ट होतं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याच्या महाआयटीमार्फत 'महानेट' या नावानं झालं. खर्च ज्या निधीतून होतो, त्यात दूरसंचार कंपन्या आपल्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा भरतात. आधी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, आता 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. कंपन्यांचं हे उत्पन्न आपल्याच रिचार्जमधून येतं. म्हणजे यात गावातल्या प्रत्येक मोबाईलवाल्याचा वाटा आहे. तेव्हा शाळेसाठी नेट मागणं म्हणजे कुणाकडे उपकार मागणं नव्हे.

४) पेटी आहे, पण नेट बंद! असं का?

याची नेहमीची कारणं तीन.

*केबल तुटणे.* रस्ता रुंदीकरण, पाण्याची पाईपलाईन, जेसीबीचा एक फटका, आणि केबल गेली. पहिल्या टप्प्यात केबल तालुक्यापासून गावापर्यंत एका सरळ रांगेत टाकली गेली. मध्ये कुठं तुटली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच 'रिंग' पद्धत आणली आहे. मुलांना गोलात हात धरून उभं करा. एका ठिकाणी हात सुटला तरी दुसऱ्या बाजूनं निरोप पोचतोच. रिंग म्हणजे तेच.

*वीज.* पेटीतल्या यंत्राला वीज लागते. ग्रामपंचायत दुपारी बंद झाली, कुणी बटण बंद करून कुलूप लावलं, की नेटही झोपलं.

*शेवटचं अंतर.* हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. योजनेचं मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंतचं होतं. तिथून शाळा दोनशे मीटरवर असो की वाडीवर दोन किलोमीटर, पुढची जोडणी आपोआप होत नाही. कुणीतरी मागावी लागते, आणि दर महिन्याचं बिल कुणीतरी भरावं लागतं.

५) प्राथमिक शाळांनी का जागं व्हायचं?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण तो शब्द पुन्हा वाचा : माध्यमिक. आपल्या जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा पहिली ते चौथी किंवा सातवीपर्यंतच्या. म्हणजे ज्या वयात वाचनाचा पाया घातला जातो, तीच मुलं या घोषणेच्या बाहेर राहतात.

आता पैशाचं बघू. समग्र शिक्षामधून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं. समजा, फायबरचा प्लॅन महिना ४५० रुपयांचा आहे. वर्षाचे ५,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६,३७२ रुपये झाले. अनुदानातले निम्म्याहून जास्त! वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता कशातून भागवायची? म्हणून अनेक ठिकाणी जोडणी मिळते, सहा महिने चालते आणि बिल थकलं की बंद पडते. बिलाची सोय आधी, जोडणी नंतर, असा क्रम ठेवा.

६) आपण काय करू शकतो?

• आधी पाहणी करा. ग्रामपंचायतीतली पेटी चालू आहे का? दिवे लागलेत का? तिथून शाळा किती मीटरवर आहे? तारखेसह लिहून ठेवा.

• कुणाला विचारायचं ते ठरवा. आपल्या तालुक्याचं काम बीएसएनएलकडे आहे की महानेटकडे, हे ग्रामपंचायतीतून किंवा पंचायत समितीतून कळेल. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला की महिने वाया जातात.

• शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. एकट्या मुख्याध्यापकांच्या अर्जापेक्षा पालकांच्या ठरावाला वजन येतं.

• ग्रामसभेत विषय मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभा चुकवू नका. शाळेची जोडणी आणि वार्षिक बिल ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या, असा ठराव मागा. प्राथमिक शिक्षण हा राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे दिलेला विषय आहे, हे सभेत आवर्जून सांगा.

• वाडीवस्तीची मागणी लेखी द्या. सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायत मुख्यालयाबाहेरच्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची आहे. मागणीच गेली नाही, तर 'या गावाला गरज नाही' असाच अर्थ निघेल.

• केबल सांभाळा. गावात खोदकाम निघालं की ठेकेदाराला केबल कुठून गेलीय ते आधी दाखवा. हे काम पालकांइतकं चांगलं कुणीच करू शकत नाही.

७) नेट येईपर्यंत?

अभ्यास थांबवायचा नाही. दीक्षावरचे पाठ तालुक्याला किंवा रेंज असेल तिथं डाऊनलोड करून ठेवा, वर्गात ऑफलाईन दाखवा. आणि एक लक्षात असू द्या, नेट आलं म्हणजे शिकणं आपोआप येत नाही. शिकवतो शिक्षकच. पण चांगल्या शिक्षकाच्या हातात चांगलं साधन असावं, ही अपेक्षा गावातल्या मुलांनी का करू नये?

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता ५ वी ते ७ वी) : शिक्षकांच्या मोबाईलवर सकाळी, दुपारी आणि सुट्टीच्या वेळी आठवडाभर नेटचा वेग मोजा. मुलांकडून तक्ता, सरासरी आणि स्तंभालेख करून घ्या. गणिताचा पाठही होईल, आणि हाच तक्ता ग्रामसभेत अर्जासोबत जोडता येईल. मुलांनी स्वतः मोजलेले आकडे समोर आले की 'आपल्याकडे सगळं ठीक आहे' असं म्हणणं कुणालाही सोपं जात नाही.