नृत्यरचना आणि चित्रपट : जतनाच्या प्रश्नाचे स्वरूप

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील येडशी हे गाव तुळजापूरच्या भवानीच्या परिसरातले. या भागातील अनेक कुटुंबांत लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची रीत आहे. चौक मांडला जातो, दिवटी पेटते आणि संबळ व तुणतुणे यांच्या साथीवर गण, देवदेवतांना आवाहन, आख्यान व शेवटी आरती असा क्रम चालतो. अशा एखाद्या रात्रीचे चलच्चित्र कोणी घेतले, तर त्यात नेमके काय जतन होईल? नायकाने त्या रात्री घेतलेली गिरकी, त्याने आख्यानात घातलेली भर, संबळाने मध्येच वाढवलेली लय, एवढे सारे त्या फितीत राहील. परंतु गोंधळ हा काही त्या फितीत राहत नाही. तो गोंधळ्यांच्या पिढ्यांमध्ये राहतो. फीत जळून गेली तरी पुढच्या लग्नात तो पुन्हा उभा राहील. हाच प्रश्न आधुनिक नृत्यरचनेविषयी विचारला, की उत्तर पार निराळे येते.

आधुनिक नृत्य म्हणजे केवळ नव्या काळातील नृत्य नव्हे. परंपरेने सिद्ध केलेल्या हस्तमुद्रा, पदन्यास व अंगविक्षेप जसेच्या तसे न स्वीकारता रचनाकार ज्यात स्वतःची हालचालींची व्यवस्था घडवतो, ते आधुनिक नृत्य होय. अमेरिकेत मार्था ग्रॅहम यांनी आणि भारतात उदय शंकर यांनी हे कार्य केले. येथे भाषाशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. सोस्यूर यांनी भाषाव्यवस्था आणि प्रत्यक्ष उच्चार या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. उच्चार क्षणिक असतो. व्यवस्था समाजाच्या मनात वास करते. गोंधळाची व्यवस्था समाजाजवळ आहे, म्हणून त्यातील एखादा उच्चार हरवला तरी बिघडत नाही. आधुनिक नृत्यरचना ही मात्र बहुधा एका व्यक्तीची बोली असते. ती जाणणारी माणसे मोजकीच, आणि तीही एका नृत्यसंचापुरती. संच विखुरला, म्हणजे बोलणारेच उरले नाहीत अशा भाषेसारखी तिची गत होते.

चित्रपट या ठिकाणी तारक ठरेल, असे सहज वाटते. त्याची कसोटी घेण्यास उदय शंकर यांच्या ‘कल्पना’ या चित्रपटासारखे दुसरे उदाहरण नाही. अल्मोडा येथील त्यांचे संस्कृतिकेंद्र बंद पडल्यानंतर मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत हा चित्रपट तयार झाला आणि 1948 मध्ये प्रदर्शित झाला. केंद्राच्या काळातील ‘श्रम आणि यंत्र’ या नृत्यनाट्याचा आशयही त्यात आढळतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या सामग्रीवरून त्याचा जीर्णोद्धार झाला व 2012 मध्ये कान येथील महोत्सवात तो दाखवण्यात आला. हे कार्य अमोल आहे, यात शंका नाही. मात्र ‘कल्पना’ ही रंगमंचावरील नृत्यांची नोंदवही नव्हे. उदय शंकर यांनी ती नृत्ये कॅमेऱ्यासाठी नव्याने रचली. दृश्य तुटते, कोन बदलतो, छाया आकृतीहून मोठी होते. पडद्यावर चेहरा भरून आला, की त्या क्षणी पाय काय करीत होते हे कायमचे अज्ञात राहते. चित्रपट म्हणून ती कृती पूर्ण आहे. परंतु तिच्यावरून मूळ रंगमंचीय रचना उभी करू पाहणाऱ्यास पदोपदी तर्कच करावा लागेल.

चित्रीकरणाच्या तंत्रातही अशा मर्यादा आहेत. दूरच्या दृश्यात संपूर्ण समूह दिसतो, पण बोटे व डोळे हरवतात. जवळच्या दृश्यात नेमके उलट घडते. पस्तीस मिलिमीटर फिल्मची हजार फुटांची रीळ सेकंदाला चोवीस चौकटी या गतीने सुमारे अकरा मिनिटे चालते. त्याहून दीर्घ नृत्य अखंड टिपणे एका रिळास शक्य नव्हते. मूकपटाच्या काळात कमी गतीने घेतलेली दृश्ये चोवीसच्या गतीने दाखवली, तर लयच खोटी ठरते. अंकीय कॅमेऱ्याने रिळाची अडचण दूर केली. दृष्टिकोनाची अडचण मात्र तशीच आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबईत सापडते. अल्मोड्यास शिकलेले शांती बर्धन यांनी 1952 मध्ये तेथे लिट्ल बॅले ट्रूप ही संस्था स्थापन केली. त्यांच्या ‘रामायण’ या नृत्यनाट्यात सर्व पात्रे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालतात. 1954 मध्ये बर्धन निवर्तले. तरीही ‘रामायण’ संपले नाही. संस्था 1964 मध्ये ग्वाल्हेरला व पुढे भोपाळला गेली. गुल बर्धन यांनी 2010 मधील आपल्या निधनापर्यंत ती सांभाळली आणि ही रचना दशकानुदशके रंगमंचावर राहिली. ती टिकली ती शरीराकडून शरीराकडे जात. बाहुलीची चाल हा स्पष्ट नियम होता. नियम शिकवता येतो, नव्या नर्तकाच्या चुका त्यावरून दाखवून देता येतात. येथे व्यवस्था जिवंत राहिली, म्हणून उच्चार पुन्हा पुन्हा होत राहिला.

व्यवस्था तुटल्यावर काय हाती उरते, याचे उदाहरण मराठीला परके नाही. तंजावरचे सरफोजीराजे (राज्यकाल 1798 ते 1832) यांच्या नावावरील मराठी निरूपणे नृत्यासाठी रचलेली आहेत. त्यांचे शब्द ग्रंथालयात सुरक्षित राहिले. हालचाली राहिल्या नाहीत. मुंबईचे नृत्यरचनाकार पार्वतीकुमार यांनी ती पुन्हा रंगमंचावर आणली, ती भरतनाट्यमची जिवंत व्यवस्था हाताशी होती म्हणून. व्यक्तिबोलीत रचलेल्या आधुनिक नृत्यास असा आधार मिळणार नाही.

म्हणूनच नृत्यलेखनाचा विचार आवश्यक ठरतो. रुडॉल्फ लाबान यांनी 1928 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिपीत उभी रेघ शरीराचा मध्य दाखवते. चिन्हाचा आकार दिशा, त्याची छटा पातळी आणि त्याची लांबी काल सांगते. ही लिपी खालून वर वाचतात. चित्रपट नर्तकाने काय केले ते दाखवतो. लिपी त्याने काय करणे अभिप्रेत होते ते सांगते. नर्तकाचा पाय त्या दिवशी घसरला असेल, तर फितीत घसरणेच नोंदले जाते आणि पुढचा शिकणारा तीच चूक रचना समजून गिरवतो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानेही नृत्यरचनेची गणना नाट्यकृतीत करताना ती लेखनाने वा अन्य प्रकारे निश्चित झालेली असावी असे म्हटले आहे आणि त्या व्याख्येतून चित्रपट वगळला आहे. चित्रपट ही कायद्याच्याही दृष्टीने निराळी कृती आहे.

तात्पर्य, फीत, लिपी आणि शिकलेले शरीर यांपैकी एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. फितीत लय व व्यक्तिमत्त्व राहते, लिपीत रचनेचा हेतू राहतो आणि तालमीत ‘असे नव्हे, असे’ हा विवेक राहतो. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अल्पायुषी आहे. बोलीचा अभ्यासक ज्याप्रमाणे अखेरच्या भाषकांकडे प्रथम जातो, त्याचप्रमाणे नृत्याच्या अभ्यासकाने प्रथम तालमीच्या खोलीत जावे. प्रयोगाइतकीच तालमीची, आणि तालमीतील दुरुस्त्यांची, नोंद घ्यावी. संग्रहालयातील फीत आणखी काही वर्षे वाट पाहू शकेल. ती रचना अंगात वागवणाऱ्या नर्तकांना तेवढा अवकाश नाही.