मिरचीचं बी ट्रेमध्ये टाकण्याआधी घरीच उगवण तपासा



सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे खरीप मिरचीच्या रोपांची तयारी सुरू झाली आहे. सोयाबीनची उगवण आपण गोणपाटात तपासतो, पण मिरचीची सहसा कुणी तपासत नाही. निम्मे कप्पे रिकामे राहिले की मग धावपळ होते. तोवर बियाण्याचे पैसे गेलेले असतात आणि लागवडही लांबते.

*कशी तपासायची?*
१) प्रत्येक लॉटच्या ५० बिया मोजून घ्या. त्यातल्या भरदार निवडू नका, हाताला येतील तशा घ्या.
२) स्वच्छ सुती कापड ओलं करून घट्ट पिळा. पाणी ठिबकत असेल तर बी कुजतं.
३) बिया सुट्ट्या मांडा, कापड गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर लॉट नंबर आणि तारीख लिहा.
४) मिरचीला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. सध्याच्या उन्हात पत्र्याखाली डबा ठेवू नका, घरात माठाशेजारी ठेवा.
५) रोज एकदा उघडून हवा द्या, कापड सुकलं तर पाणी शिंपडा.

*घाई करू नका.* सोयाबीन चार-पाच दिवसांत कळतं, मिरचीला वेळ लागतो. पहिली मोजणी ७ व्या दिवशी, शेवटची १४ व्या दिवशी करा. कोंब आलेलं बी वाया जात नाही, मोजून हलक्या हाताने ट्रेमध्ये लावा.

*हिशोब असा:* उगवलेल्या बियांची दुप्पट म्हणजे टक्केवारी. ५ x १.५ फुटांवर एकरी साधारण ५,८०० रोपं बसतात. उगवण ८५ टक्के असेल तर ६,८०० बिया पुरतात, ६० टक्के असेल तर ९,७०० लागतात. वर मरतुकीसाठी थोड्या जास्त धरा.

मिरची बियाण्याला किमान ६० टक्के उगवणीचं सरकारी मानक आहे. त्याखाली आली तर पुन्हा एकदा तपासा. तरीही कमीच आली तर ते बी टाकू नका. पाकीट, बिल आणि उरलेलं बी जपून ठेवा, दुकानदाराला कळवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. घरची चाचणी आपल्या निर्णयासाठी असते. अधिकृत तपासणी परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत होते.

*दोन गोष्टी लक्षात ठेवा:*
▪️ 'पाण्यावर तरंगलं ते पोकळ' हे मिरचीला लागू नाही. बी हलकं असतं, चांगलंही तरंगतं.
▪️ रंगीत बियाण्याला औषध लावलेलं असतं. हातमोजे घाला, डबा पुन्हा स्वयंपाकघरात वापरू नका, लेकरांपासून लांब ठेवा.

रोपवाटिकेत स्वतःचं बी देणाऱ्यांनीही आधी तपासूनच द्यावं. १४ व्या दिवशी कापडाचा आणि लॉट नंबरचा फोटो ग्रुपवर टाका, किती बी धरायचं ते मिळून ठरवू.