अंड्याचे कवच काय सांगते?

इंदूरहून धारमार्गे बाघच्या लेण्यांकडे किंवा वडोदऱ्याहून बालासिनोरकडे आपण कधी गेला असाल, तर डायनोसोरांच्या विणीच्या भूमीजवळून आपला प्रवास झाला आहे. या दोन्ही भागांत लमेटा नावाचे खडक आढळतात. दख्खनचा काळा पाषाण घडवणारा लाव्हा वाहिला, साधारण त्याच सुमाराचे, म्हणजे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे हे खडक. त्यांत टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसोरांची अंडी दगड होऊन राहिली आहेत. धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

एवढ्या थोर देहाच्या प्राण्याचे अंडे वीतभरही रुंद नसे. त्याचे कवच काही मिलिमीटर जाड. पण त्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आरपार गेलेली रंध्रे दिसतात. पिल्लाचा श्वास त्यांतूनच चाले. उघड्यावरच्या अंड्याला रंध्रे कमी पुरतात, पुरलेल्या अंड्याला जास्त लागतात. म्हणून ही अंडी मगरीप्रमाणे उथळ खड्ड्यात झाकून ठेवली जात, असे अनुमान निघते.

कवचातील कार्बन आणि ऑक्सिजन मादीचा आहार व पाणी सांगतात. गुजरातेतील खेडा भागातील कवचांवरून १९९१ मध्ये असे दिसले, की त्या माद्या नदीबरोबरच आटत चाललेल्या डबक्यांचेही पाणी पीत.

धारमधील पाडल्या गावाजवळ तर अंड्यात अंडे सापडले. कोंबडीत असे क्वचित घडते: तयार अंडे मागे ढकलले जाते आणि पुढच्या अंड्याच्या कवचात कोंडते. मगरी-कासवांची अंडी एकदम तयार होतात, त्यामुळे त्यांच्यात हे दिसत नाही. तेव्हा टायटॅनोसॉर मादी पक्ष्यांसारखी एकामागून एक अंडी घालत असावी.

घरट्यांमधील अंतरही बोलके आहे. ती इतकी जवळजवळ आहेत, की मोठ्या प्राण्याला मध्ये वावरायला जागाच नव्हती. आई अंडी घालून निघून जात असावी.

मात्र हे अंतर, ही खोली जागेवरच मोजता येते. कुतूहलाने उचलून घरी आणलेल्या तुकड्यात रंध्रे राहतात, पण घरटे हरवते. शेतात असा गोल दगड दिसला, तर आपण त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा टिपून जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे, आणि दगड तिथेच राहू द्यावा.