घरचा संगणक आणि आंतरजालाची किल्ली

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. वीज गेली, दूरध्वनीही मुके झाले. अशा समुद्रकांठच्या गांवीं आंतरजालाची एकच वाट धरून बसणें शहाणपणाचें नव्हे. घरांत तारेवरून आलेलें वाय-फाय असावें, आणि तें बंद पडल्यास मोबाईल हाताशीं असावा. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत ही दुहेरी सोय सहज होते.

लिनक्सचा गाभा लायनस टोरवाल्ड्स ह्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. त्यावर ग्नोम, केडीई अशीं निरनिराळीं दर्शनी रूपें चढवितात. परंतु पडद्याआड राबणारा कारभारी बहुधा एकच, नेटवर्क मॅनेजर. रेड हॅट कंपनीनें तो २००४ सालीं सुरू केला. वेष बदलला तरी नट तोच, म्हणून रूप बदललें तरी जोडण्यांच्या नोंदी सामान्यतः कायम राहतात.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण निराळीच. थोरल्या चिरंजीवांनीं आपल्या खात्यांतून वाय-फाय जोडलें व ते मुंबईस गेले. इकडे नातीची परीक्षा, आणि तिच्या खात्यांत संगणक पुन्हा परवलीचा शब्द मागतो! ह्याचें कारण, ती नोंद एकट्याच्याच नांवें राहिलेली असते. ग्नोममध्यें त्या जोडणीपुढील दंतचक्राचें चिन्ह दाबावें, आणि ‘इतर वापरकर्त्यांस उपलब्ध’ अशा अर्थाच्या चौकटींत खूण करावी. केडीईमध्येंही तशीच चौकट आहे. कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला शोभते, ह्या किल्लीचें तसें नाहीं. ही खूण घरांतील कर्त्या माणसानें पहिल्याच दिवशीं करावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

मोबाईलच्या जोडणीस मात्र ‘मर्यादित’ ही खूण अवश्य द्यावी. नाहींतर संगणक आपल्या सुधारणा गुपचूप उतरवून दिवसाचा सांठा संपवितो. मोबाईल तारेनें जोडला तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: नेटवर्क मॅनेजर वाय-फायपेक्षां तारेच्या वाटेस अग्रक्रम देतो. घरचें वाय-फाय परत आलें तरी वाहतूक मोबाईलवरूनच चालूं राहते. तेव्हां ती तार लागलीच काढावी.

ग्नोममध्यें वाय-फायच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह दिसूं लागल्यास संगणकास बोल लावूं नये. घरांतील पेटीपर्यंतची वाट शाबूत असते, बहुधा पुढची तुटलेली असते. अशा वेळीं मोबाईल जोडून मुलांचें काम चालूं करावें.