खालून टॉर्पेडो, वरून बॉम्ब

४ जून १९४२. सकाळी सव्वानऊच्या सुमारास अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’ या विमानवाहू नौकेवरची टॉर्पेडो टाकणारी पंधरा डेव्हास्टेटर विमानं मिडवे बेटाजवळ जपानी ताफ्यावर चालून गेली. रक्षणाला सोबत एकही लढाऊ विमान नव्हतं. काही मिनिटांतच पंधराच्या पंधरा विमानं समुद्रात कोसळली. तीस जणांपैकी वाचला एकटा जॉर्ज गे. विमानातल्या बैठकीच्या उशीआड डोकं लपवून तो शत्रूच्या जहाजांमध्ये तरंगत राहिला. त्याच्या तुकडीचा एकही टॉर्पेडो लागला नव्हता.

टॉर्पेडो जहाजाला पाण्याखाली भगदाड पाडतो, म्हणून तो बॉम्बपेक्षा घातक. पण तो नेमका टाकणं महाकठीण. अमेरिकेचा तेव्हाचा मार्क १३ टॉर्पेडो इतका नाजूक होता, की विमानाला पाण्यापासून तीसेक मीटरवर, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं, नाकासमोर उडावं लागे. जरा उंचावरून किंवा वेगात टाकला, की तो भरकटे. पाण्यात त्याचा वेग साडेतेहतीस नॉट, आणि जपानी जहाजं तीस नॉटच्या आसपास पळत. पाठीमागून सोडलेला टॉर्पेडो त्यांना गाठणार कधी? म्हणून वैमानिकाला मोठा वळसा घालून जहाजाच्या पुढे यावं लागे. जपानी कप्तान नेमके तेव्हाच सुकाणू फिरवून पाठ दाखवत. वळसा लांबत जाई आणि तेवढा वेळ जपान्यांची ‘झिरो’ लढाऊ विमानं मागून गोळ्या झाडत.

यावरचा उपाय सगळ्याच नौदलांना ठाऊक होता. विमानांचे दोन गट करायचे आणि जहाजाच्या पुढच्या दोन्ही अंगांनी एकाच वेळी टॉर्पेडो सोडायचे. एका गटाला चुकवायला वळलं, की दुसऱ्यासमोर अख्खी कूस उघडी पडते. जहाज अडकित्त्यातल्या सुपारीसारखं सापडतं. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्यालगत ब्रिटिशांच्या ‘रिपल्स’ या युद्धनौकेचं हेच झालं. कप्तान टेनंट यांनी एकामागून एक टॉर्पेडो मोठ्या कौशल्यानं चुकवले. मग जपानी विमानं एकदम वेगवेगळ्या दिशांनी आली आणि जहाज बुडालं.

सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्यांचं तंत्र अगदी वेगळं. अमेरिकी डॉन्टलेस विमान साडेचार-पाच किलोमीटर उंचीवरून सुमारे सत्तर अंशांच्या कोनात खाली झेपावे. पंखांमागच्या भोकाभोकांच्या झडपा उघडल्या, की हवेचा अडसर होऊन वेग काबूत राही आणि नेम धरता येई. मागच्या तोफचीची पाठ पुढे, त्यामुळे सूर मारताना त्याला दिसे ते फक्त आकाश. वरच्या थंडीतून खालच्या दमट हवेत येताना नेम धरायच्या दुर्बिणीची काच कधीकधी धुरकटून जाई. हा सूर साधारण अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यात तीस नॉटनं पळणारं जहाज जवळपास अर्धा किलोमीटर पुढे सरकतं, म्हणून ते आत्ता कुठे आहे यापेक्षा कुठे असेल याचा अंदाज महत्त्वाचा. पोटाखालचा बॉम्ब एका दांडीवर बाहेर झुले, म्हणजे सुटताना तो पंख्याला लागत नसे. पाण्यापासून पाच-सहाशे मीटरवर बॉम्ब सोडून वैमानिक विमान वर खेचे. त्या क्षणी त्याचं शरीर कित्येक पटींनी जड होई.

दोन्ही हल्ले एकाच वेळी झाले, तर बचाव करणाऱ्याची पंचाईत होते. तोफा आकाशाकडे रोखायच्या की पाण्यालगत? मिडवेला अमेरिकेनं हेच योजलं होतं, पण ते सपशेल फसलं. तुकड्या वेगवेगळ्या वेळी निघाल्या, एकमेकींपासून तुटल्या. ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकेवरची टॉर्पेडो तुकडीही एकटीच झुंजली, तर ‘यॉर्कटाउन’ या नौकेवरच्या तुकडीसोबत मोजकीच लढाऊ विमानं होती. एकूण ४१ डेव्हास्टेटरांपैकी मोजकीच परतली.

तिकडे ‘एंटरप्राइज’च्या डॉन्टलेस विमानांचे प्रमुख वेड मॅक्लस्की ठरल्या जागी शत्रू सापडेना म्हणून इंधन संपत आलं तरी शोधत राहिले. त्यांना ‘अराशी’ ही जपानी विनाशिका दिसली. पाणबुडीचा पाठलाग सोडून ती घाईनं आपल्या ताफ्याकडे परतत होती. मॅक्लस्कींनी तिचा माग धरला. त्याच सुमारास दुसऱ्या दिशेनं मॅक्स लेस्लींची ‘यॉर्कटाउन’वरची सतरा डॉन्टलेस पोचली. त्यांतल्या चार विमानांचे बॉम्ब सदोष विद्युत खटक्यामुळे वाटेतच समुद्रात पडले होते. खुद्द लेस्लींचाही त्यात होता. तरी त्यांनी सूर मारलाच.

साडेदहाच्या थोडं आधी ‘कागा’, ‘सोऱ्यू’ आणि ‘आकागी’ या जपानी विमानवाहू नौका काही मिनिटांत पेटल्या. ‘आकागी’ तर निसटलीच असती. मॅक्लस्कींच्या दोन्ही तुकड्या ‘कागा’वरच झेपावू लागल्या होत्या. हे ध्यानात येताच त्यांतल्या एका तुकडीचे प्रमुख डिक बेस्ट यांनी दोन साथीदारांसह ऐनवेळी दिशा बदलली. ‘आकागी’वर थेट बसलेला बॉम्ब एकच, पण तो डेकखालच्या हँगरमधल्या विमानांत फुटला, तिथे इंधन आणि दारूगोळा ठासून भरला होता.

टॉर्पेडोवाल्यांनी झिरो विमानं खाली ओढून घेतली आणि वरची वाट मोकळी केली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांनी २००५ मधल्या पुस्तकात जपानी कागदपत्रांच्या आधारे ही कथा तपासली. त्यांच्या मते पहिल्या दोन तुकड्यांच्या हल्ल्यांनंतर झिरोंना पुन्हा वर चढायला पुरेसा वेळ होता. ‘यॉर्कटाउन’च्या टॉर्पेडो तुकडीनं मात्र त्यांना आग्नेयेला गुंतवून ठेवलं. शिवाय सतत वळत राहिल्यामुळे जपानी नौकांना आपली हल्ल्याची विमानं डेकवर मांडताच आली नाहीत. ही मांडणी अधिक पटते, आणि त्या वैमानिकांना अधिक न्याय देते. ते कुणाचं आमिष म्हणून गेले नव्हते. जहाज बुडवायलाच गेले होते. त्यांनी जपान्यांचा वेळ खाल्ला आणि त्याची किंमत प्राणांनी मोजली.

पुढे टॉर्पेडोच्या नाकाला लाकडी कडं आणि शेपटीला धातूचं कडं बसवलं गेलं. तो अधिक उंचीवरून, अधिक वेगात टाकता येऊ लागला. डेव्हास्टेटरच्या जागी ॲव्हेंजर आलं. ७ एप्रिल १९४५ रोजी जपानच्या ‘यामातो’ या महाकाय युद्धनौकेवर तीनशेहून अधिक विमानं लाटांमागून लाटांनी तुटून पडली. लढाऊ विमानं आणि सूर मारणारे बॉम्बर वरून तोफांवर मारा करत असताना टॉर्पेडोवाल्यांनी भर दिला तो प्रामुख्यानं जहाजाच्या डाव्या कुशीवर, म्हणजे पाणी एकाच बाजूनं भरून ते उलटावं. सुमारे दोन तासांत ‘यामातो’ उलटून बुडाली. अमेरिकेनं या हल्ल्यात गमावलेली विमानं होती दहा.